मोटारसायकलचं कुलूप निवडताना: आधी खुंटा, मग साखळी

मोटारसायकल चोरायला ती चालू करावीच लागते असं नाही. दीडशे किलोची गाडी दोन-तीन धडधाकट माणसं उचलून टेम्पोत चढवू शकतात. हँडल लॉक असो, डिस्क लॉक (ब्रेकच्या चकतीत अडकवायचं कुलूप) असो की अलार्म असो, गाडी जमिनीपासून सुटी असेल तर ती आहे तशी उचलून नेता येते आणि कुलपं मागाहून आडबाजूला निवांत फोडता येतात. कुलूप घ्यायला निघालेली बहुतेक माणसं ‘सगळ्यात मजबूत कोणतं’ एवढंच विचारतात. त्याच्या आधीचा प्रश्न असा, की ही गाडी कोणत्या पक्क्या आधाराला, म्हणजे खुंट्याला, बांधायची? त्याचं उत्तर मिळालं की कुलपाचा प्रकार, लांबी, जाडी आणि वजन जवळपास ठरूनच जातं. म्हणून दुकानात शिरण्याआधी गाडी उभी करण्याच्या जागेकडे वळू.

## १. गाडी कुठे आणि किती वेळ उभी असते

आठवडाभरात गाडी जिथे जिथे उभी राहते त्या जागा कागदावर लिहा. यादी सहसा तीन भागांत पडते: रात्रीची जागा, कामाची जागा आणि दहा-वीस मिनिटांचे थांबे. प्रत्येक जागेपुढे चार गोष्टी नोंदवा. तिथे जमिनीत किंवा भिंतीत काही पक्कं रोवलेलं आहे का? रात्री उजेड असतो का? कुणाच्या खिडकीतून जागा दिसते का? आणि गाडीला लागून टेम्पो उभा करता येतो का? या चौथ्या गोष्टीकडे फारसं कुणी पाहत नाही. पण जिथे टेम्पो थेट गाडीपाशी येतो, तिथे उचलून नेण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो. तीच गाडी दोन खांबांच्या आत, भिंतीला खेटून किंवा अरुंद बोळाच्या टोकाला असेल, तर उचलणाऱ्यांना ती हातांवर लांबवर न्यावी लागते.

रात्रीच्या जागेला सर्वाधिक वजन द्या. गाडी तिथे सलग आठ-दहा तास उभी असते, रोज त्याच ठिकाणी असते, आणि पाळत ठेवणाऱ्याला कोणतं कुलूप लागतं हे आधी पाहून त्यावरचं हत्यार घेऊन येता येतं. सगळ्यात जाड साखळी आणि सगळ्यात पक्का खुंटा इथेच हवा. इतर ठिकाणी नेता येईल असं दुसरं, हलकं कुलूप वेगळं घ्यावं. एकच कुलूप सगळीकडे वापरायचा अट्टहास केला तर ते घरासाठी कमजोर आणि सोबत नेण्यासाठी जड ठरतं.

## २. कुलूप कसं तुटतं

हे समजल्याशिवाय जाडीच्या आकड्यांना अर्थ येत नाही, म्हणून इथे थोडं थांबू.

गाडीचं मूळ हँडल लॉक म्हणजे आत सरकणारी एक बारीक पिन. हँडलला पाय लावून जोराचा हिसका दिला की ती मोडते. तरीही हँडल लॉक लावायचंच, कारण त्यामुळे गाडी सरळ ढकलत नेता येत नाही. त्याला वेळकाढू अडथळा समजा, संरक्षण समजू नका.

बोल्ट कटर हे सगळ्यात जुनं आणि बिनआवाजी हत्यार. तीन-साडेतीन फूट लांब दांड्यांच्या कटरची एक दांडी जमिनीवर टेकवून दुसरीवर अंगाचं सगळं वजन टाकता येतं. त्यापुढे केबल लॉक, म्हणजे तारेचं कुलूप, क्षणभरही टिकत नाही. ८ ते १० मिमीच्या साखळ्या सहज जातात, आणि १२-१३ मिमीच्या साखळ्यांमध्ये पोलाद कसं आहे त्यावर निकाल ठरतो. चांगल्या, कडक केलेल्या पोलादाची १६ मिमीची साखळी हातानं चालवायच्या कटरला दाद देत नाही. मोटारसायकलच्या बाबतीत १६ मिमी हा आकडा पुन्हापुन्हा येतो तो यामुळे.

हातोडा लागू पडतो तो साखळी किंवा कुलूप जमिनीवर टेकलेलं असेल तेव्हा. खालची फरशी ऐरणीचं काम करते आणि घावाचा सगळा जोर धातूवर येतो. पहार किंवा छोटा जॅक यू-लॉकच्या (इंग्रजी यू अक्षरासारख्या जाड दांड्याच्या कुलपाच्या) मोकळ्या जागेत घालून कुलूप फाकवता येतं. मोकळी जागा जितकी जास्त, तितकं हे सोपं. स्वस्त कुलपात किल्लीच्या जागी पेचकस ठोकून फिरवला तरी काम होतं.

राहिला बॅटरीवर चालणारा ग्राइंडर, म्हणजे फिरत्या चकतीनं धातू कापणारं यंत्र. याला प्लग लागत नाही, तो पाठीवरच्या पिशवीत मावतो आणि १६ मिमीच्या चांगल्या साखळीचा एक काप मिनिटभरात घेतो. साध्या पोलादाची कोणतीही साखळी त्याला रोखू शकत नाही, हे स्वच्छ समजून घ्यावं. पण ग्राइंडरचा आवाज कर्कश असतो आणि ठिणग्या दुरून दिसतात. शिवाय जाड कडी एका बाजूनं कापली तरी वाकवून उघडता येत नाही, दुसरा काप घ्यावा लागतो. चोराचा वेळ आणि आवाज दोन्ही वाढवणं आपल्या हातात आहे.

अलीकडे ग्राइंडरला तोंड देणारी कुलपंही आली आहेत. हिपलॉक कंपनीचं डी-१००० हे कुलूप २०२१ साली लोकांसमोर आलं, त्यानंतर लाइटलॉकचं एक्स-३. त्यांच्या पोलादी दांड्यावर एक वेगळं मिश्र आवरण असतं, त्यावर ग्राइंडरची चकतीच झिजत जाते, आणि काप पुरा करायला एकामागून एक चकत्या बदलाव्या लागतात. मोटारसायकलवाल्यांसाठी या प्रकारातली अडचण आकाराची आहे. दांड्याच्या आतली जागा लहान असते, त्यामुळे चाक, स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) आणि खांब असं सगळं एकत्र त्यात बसत नाही. जमिनीतला खुंटा गाडीच्या अगदी जवळ असेल तर मात्र ती उत्तम काम देतात.

## ३. खुंटा

माझ्या मते पैशाचा पहिला मोठा वाटा इथे जायला हवा. खुंटा नसेल तर १६ मिमीची साखळीसुद्धा फक्त चाक फिरू देत नाही, एवढंच.

घराची जमीन स्वतःची असेल तर ग्राउंड अँकर, म्हणजे साखळी ओवायचा जमिनीतला पक्का खुंटा, बसवा. त्याचे दोन मुख्य प्रकार. एक काँक्रीटमध्ये पुरायचा, दुसरा काँक्रीटला भोकं पाडून बोल्टनं कसायचा. पुरायचा प्रकार जास्त पक्का. खड्डा खाली रुंद आणि वर अरुंद ठेवावा, म्हणजे काँक्रीटचा ठोकळा वर उपसून निघत नाही. काँक्रीटला पूर्ण ताकद यायला २८ दिवस लागतात. निदान आठवडाभर तरी त्याला ओढ देऊ नका आणि तोवर ते ओलं ठेवा.

बोल्टचा प्रकार घेतला तर खालचं काँक्रीट सलग आणि निदान १०० मिमी जाड असावं. फरशी किंवा पेव्हर ब्लॉकवर तो बसवू नये, कारण ब्लॉकसकट उपटून निघतो. भोकं काँक्रीटच्या कडेपासून वीतभर तरी आत घ्या. कडेला घेतली तर बोल्ट कसताना किंवा ओढताना कडाच फुटते. बोल्टची डोकी पान्ह्यानं उघडता येऊ नयेत यासाठी बहुतेक अँकरसोबत पोलादी गोळ्या मिळतात. बोल्टच्या डोक्यातल्या खाचेत त्या ठोकून बसवायच्या. ही गोळी ठोकायची राहिली तर साधा पान्हा पुरतो. ड्रिल करण्याआधी खालून पाण्याचा पाइप किंवा वीजवाहिनी जात नाही ना, ते पाहा. इमारतीच्या वरच्या मजल्यावर किंवा तळघराच्या छतावर पार्किंग असेल तर परवानगीशिवाय भोक पाडूच नका. त्या स्लॅबमध्ये वॉटरप्रूफिंग असतं आणि काही ठिकाणी ताणलेल्या पोलादी तारा असतात.

भिंतीतला अँकर विटांच्या भिंतीत कमजोर पडतो, कारण एक-दोन विटा खिळखिळ्या केल्या की सुटतो. भिंतच वापरायची असेल तर काँक्रीटची वापरा आणि अँकर जमिनीच्या जवळ घ्या. उंचावर घेतला तर पहारीला टेकू मिळतो.

भाड्याचं घर असेल, ड्रिल करता येत नसेल, तर? जुन्या मोठ्या टायरमध्ये किंवा ड्रममध्ये काँक्रीट भरून त्यात साखळीच्या दोन-तीन कड्या पुरता येतात. शंभर लिटर काँक्रीटचं वजन सुमारे २४० किलो भरतं. गाडी आणि हा ठोकळा एकत्र उचलणं फार अवघड. शेजाऱ्याची गाडी शेजारीच उभी राहत असेल तर दोन्ही गाड्या एका साखळीनं एकमेकींना बांधणं हाही खरा उपाय आहे. दोघांच्या वेळा जुळायला हव्यात इतकंच.

बाहेरच्या थांब्यांवर खांब शोधताना तो वर किती उंच आहे ते पाहा. साखळी वरून ओढून काढता येईल असा बुटका खांब उपयोगाचा नाही. फलकांचे खांब बऱ्याचदा मातीत नुसते उभे असतात, हलवून बघा. बारीक सळ्यांचं कुंपण साखळीपेक्षा आधी तुटतं. दिव्याचा खांब चांगला, पण साखळी त्याच्याभोवती पुरेल का ते आधी मोजा.

## ४. प्रकार आणि त्यांची जागा

साखळी हा मोटारसायकलसाठी सगळ्यात सोयीचा प्रकार, कारण ती वाकते आणि वेड्यावाकड्या जागी पोचते. पण साखळी पाहताना नुसती जाडी पाहू नका. विकत मिळणाऱ्या जाडीच्या आकड्यात कधीकधी वरचं कापडी आवरणही धरलेलं असतं. आवरण मागे सरकवून उघड्या कडीची जाडी मोजा. कडीचा आकार चौकोनी किंवा षटकोनी असला तर कटरच्या जबड्याला नीट पकड मिळत नाही. कड्या आखूड, एकमेकींना लागून असाव्यात, म्हणजे आत पहारीचं टोक शिरत नाही.

पोलाद कसं आहे ते दिसत नाही, पण कानशीनं पाहता येतं. घरी असलेल्या जुन्या साखळीवर हे करून बघा: वरचा जस्ताचा थर खरवडल्यावर कानस घसरत राहिली तर पृष्ठभाग कडक आहे, तिनं चावा घेतला, भुगा पडला, तर पोलाद मऊ आहे. हार्डवेअरच्या दुकानात वजनावर मिळणारी माल बांधायची साखळी या कसोटीत नापास होते. ती ओझं पेलायला केलेली असते, कापण्याला विरोध करायला नाही, आणि जाड दिसली तरी कटरला सहज शरण जाते. याउलट आरपार अति कडक केलेलं पोलाद ठिसूळ होऊन घणाखाली तडकतं. म्हणून चांगले उत्पादक वरचा थर कडक आणि गाभा चिवट ठेवतात.

वजनाचा अंदाज आधीच घेतलेला बरा. १० मिमीच्या साखळीचं वजन मीटरला सव्वादोन किलोच्या आसपास, १३ मिमीचं साडेतीनच्या पुढे, १६ मिमीचं पाच किलोच्या पुढे जातं. दोन मीटरची १६ मिमीची साखळी म्हणजे दहा किलोंहून जास्त. रोज बरोबर नेण्याची ती वस्तू नाही, ती घरीच खुंट्याला ठेवा. आणि कोणतीही साखळी खांद्यावरून तिरकी गुंडाळून गाडी चालवू नका. पडलात तर ती पाठीचा कणा आणि बरगड्या यांच्यावरच आदळते. हँडलला लटकवणंही वाईट, वळताना ती अडकते. मागच्या सीटवर जाळीखाली घट्ट किंवा पेटीत तळाशी ठेवा.

यू-लॉक साखळीपेक्षा हलकं आणि त्याच वजनात जास्त दणकट असतं. कामाच्या ठिकाणासाठी मी यालाच पसंती देतो. दांडा १६ मिमीच्या पुढे असला तर उत्तम. घेताना एक गोष्ट जरूर तपासा: दांड्याची दोन्ही टोकं आडव्या नळीत कुलूपबंद होतात का. एकच टोक बंद होत असेल तर ग्राइंडरचा एक काप पुरतो आणि दांडा पिळून निघतो. दोन्ही टोकं बंद असतील तर दोन काप घ्यावे लागतात.

डिस्क लॉक छोट्या थांब्यांसाठी. गाडी ढकलून किंवा चालवून नेण्यापासून ते रोखतं, उचलण्यापासून रोखत नाही. पिन १४ मिमी किंवा जास्त घ्यावीशी वाटते, पण तुमच्या डिस्कची भोकं तेवढी मोठी आहेत का ते आधी पाहा. नाहीतर ते बसतच नाही. लॉकची बॉडी डिस्कला चिकटून बसावी, मधली पिन उघडी दिसू नये. हलक्या मिश्रधातूची बॉडी हातोड्याच्या काही घावांत फुटते. डिस्क लॉकचा सगळ्यात मोठा धोका मालकालाच आहे: ते विसरून गाडी पुढे घेतली की चाक जागीच अडतं, माणूस पडतो, कॅलिपर (चकतीला पकडणारा ब्रेकचा भाग) आणि डिस्क वाकते. भडक रंगाची आठवणीची तार लॉकपासून हँडलपर्यंत लावा आणि ती न लावता लॉक वापरूच नका. लॉक कॅलिपरला अगदी लागून बसवलं तर विसरलं तरी गाडी वेग घ्यायच्या आधीच अडते.

ड्रम ब्रेकच्या गाड्यांना डिस्क नसते. तिथे मागच्या अलॉय चाकातून आणि स्विंगआर्मभोवती यू-लॉक घाला. तारांच्या चाकात नुसत्या तारांमधून कुलूप ओवलं तर तारा कापून ते मोकळं करता येतं, म्हणून ते रिमभोवती घ्या.

हँडलची मूठ आणि ब्रेकचा लिव्हर एकत्र धरणारं ग्रिप लॉक दुरून दिसतं, लावायला सोपं असतं, पण लिव्हर कापला की संपलं. दुसरं कुलूप असताना जोडीला चालेल. केबल लॉक फक्त हेल्मेट किंवा जाकीट अडकवण्यासाठी.

## ५. सुतळीनं माप घ्या

लांबी अंदाजानं घेतलेली साखळी हमखास आखूड पडते. गाडी रोजच्या जागी, रोज लावता त्याच स्टँडवर उभी करा. सुतळी घ्या, मागच्या चाकातून काढा, स्विंगआर्म किंवा चॅसीला (गाडीच्या सांगाड्याला) वळसा द्या, खुंट्यातून ओवा आणि टोकं जुळवा. त्या लांबीत आणखी हातभर मिळवा, कारण जाड कड्या सुतळीसारख्या वळत नाहीत. फार लांबही घेऊ नका. उरलेली साखळी जमिनीवर लोळते आणि कटरला, हातोड्याला तिथेच संधी मिळते.

त्याच वेळी कडी कुठून जाते ते पाहा. १६ मिमीच्या कडीची एकूण रुंदी पन्नास मिमीच्या आसपास असते आणि आवरण धरून ती आणखी वाढते. चाकाच्या आऱ्यांमधून, सायलेन्सर आणि स्विंगआर्म यांच्या मधून, मडगार्डच्या खालून ती जाईल का? पुठ्ठ्याचा तेवढा तुकडा कापून प्रत्येक फटीतून घालून बघा. न बसणारी भारी साखळी परत करण्यापेक्षा हे सोपं.

काही साखळ्यांच्या एका टोकाला मोठी कडी असते. साखळीचं दुसरं टोक तिच्यातून ओवून चाकाभोवती फास करता येतो आणि कुलूप फक्त खुंट्याकडच्या टोकाला लागतं. तितक्याच लांबीची साखळी त्यामुळे पुढे पोचते. लांबी कमी पडत असेल तर जाडी कमी करण्याऐवजी ही रचना शोधा.

## ६. कुलपाची बॉडी आणि किल्ली

साखळी १६ मिमीची आणि तिला जोडलेल्या कुलपाचा दांडा १० मिमीचा, असं सर्रास दिसतं. चोर साखळीकडे बघतही नाही. कुलपाचा दांडा साखळीइतका तरी जाड हवा, किंवा बॉडीनं तो जवळपास पूर्ण झाकलेला हवा, म्हणजे कटरचा जबडा त्याच्यापर्यंत पोचत नाही.

आतल्या यंत्रणेत फिरत्या चकत्यांची रचना मला सर्वांत भरवशाची वाटते. १९०७ साली फिनलंडमध्ये एमिल हेन्रिक्सन यांनी ती शोधली आणि अब्लॉय हे कुलपांचं नाव तिच्यातून पुढे आलं. तिच्यात स्प्रिंगवर दाबलेल्या पिना नसल्यामुळे धूळ आणि पाण्यातही ती चांगली चालते, आणि उघडायला वेगळं हत्यार आणि कसब लागतं. गोल नळीसारख्या किल्लीची स्वस्त कुलपं टाळा. २००४ साली अशी सायकलची महागडी कुलपं बॉलपेनच्या प्लॅस्टिकच्या नळीनं उघडता येतात हे इंटरनेटवर जगजाहीर झालं आणि क्रिप्टोनाइट कंपनीला ती ग्राहकांना बदलून द्यावी लागली. आकड्यांची कुलपं मोटारसायकलसाठी घेऊ नका.

किल्लीच्या भोकावर सरकतं झाकण असावं आणि बॉडीच्या तळाला पाणी निघायला जागा असावी. किल्ल्यांसोबत क्रमांकाचं कार्ड मिळतं का ते विचारा. हरवलेली किल्ली त्या क्रमांकावरूनच पुन्हा मिळते.

## ७. शिक्का कुणाचा आहे

खोक्यावरचे ‘दहापैकी नऊ’ सारखे आकडे बऱ्याचदा त्या कंपनीचे स्वतःचे असतात. एका कंपनीच्या नऊची दुसरीच्या नवाशी तुलना होत नाही. स्वतंत्र संस्थेनं हत्यारं लावून तपासलेलं कुलूप शोधा. ब्रिटनची सोल्ड सिक्युअर ही संस्था कांस्य, रौप्य, सुवर्ण आणि हिरा अशा श्रेणी देते. नेदरलँड्सची एआरटी १ ते ५ तारे देते, आणि मोटारसायकलसाठी साधारण ४ किंवा जास्त तारे पाहतात. फ्रान्समध्ये एसआरए, जर्मनीत व्हीडीएस यांचे शिक्के चालतात.

इथे फसगत होते ती अशी. सोल्ड सिक्युअरची सायकलसाठीची श्रेणी वेगळी आणि मोटारसायकलसाठीची वेगळी. सायकलच्या वर्गात सुवर्ण मिळवलेलं कुलूप मोटारसायकलच्या वर्गात खाली असू शकतं, कारण तिथल्या चाचण्या जास्त कठोर असतात. खोक्यावर कोणत्या वाहनाचं चित्र आहे ते पाहा आणि शंका असेल तर संस्थेच्या यादीत ते मॉडेल शोधा.

विम्याची पॉलिसीही याच टप्प्यावर काढून वाचा. काही पॉलिसींमध्ये ठरावीक शिक्क्याचं कुलूप लावण्याची किंवा रात्री बंदिस्त जागी गाडी ठेवण्याची अट असते. कुलपाची पावती, त्याचा क्रमांक आणि गाडीला लावलेल्या अवस्थेतला फोटो जपून ठेवा.

## ८. बांधण्याची पद्धत

साखळी चॅसीतून घेता आली तर सर्वोत्तम. नाही जमलं तर मागचं चाक आणि स्विंगआर्म एकत्र बांधा. पुढचं चाक शेवटचा पर्याय, कारण एक अॅक्सल आणि कॅलिपर सोडला की ते तिथेच सोडून उरलेली गाडी नेता येते. फूटरेस्ट, लेगगार्ड, सामानाचा कॅरियर यांना कधीही बांधू नका, हे सगळे भाग बोल्टनं लावलेले असतात.

साखळी जमिनीला टेकू देऊ नका. जास्तीची लांबी चाकातून आणखी एक वळसा देऊन संपवा. कुलूप हवेत, गाडी आणि भिंत यांच्या मधे, किल्लीचं भोक खाली किंवा आतल्या बाजूला येईल असं ठेवा. तुम्हाला किल्ली लावायला थोडं वाकावं लागलं तर ठीक आहे. ग्राइंडर धरणाऱ्यालाही तिथे हात घालणं अवघड जातं. यू-लॉकच्या आतली जागा चाक, खांब यांनी जितकी भरेल तितकी भरा.

दोन कुलपं लावायची तर ती वेगवेगळ्या जातीची असावीत: एक साखळी आणि एक डिस्क लॉक, म्हणजे एकाच हत्यारानं एकाच जागी उभं राहून दोन्ही जात नाहीत. वरून साधं, बिनछापाचं कव्हर घाला. कव्हरखाली कोणती गाडी आणि कोणतं कुलूप आहे हे जाता-येता कळत नाही, ते बघायला कव्हर उचलावं लागतं.

हे सगळं पहिल्या दिवशी चार-पाच वेळा लावून-काढून बघा. दोन मिनिटांत होत नसेल तर पावसात किंवा उशिरा घरी आल्यावर ते लावलं जाणार नाही. मग खुंट्याची जागा थोडी सरकवा किंवा साखळीचा मार्ग बदला.

## ९. अलार्म आणि ट्रॅकर

अलार्मचं डिस्क लॉक ११० डेसिबलच्या आसपास ओरडतं. ऐकणारं कुणी जवळ असेल तर त्याचा उपयोग मोठा आहे. निर्मनुष्य जागी कमी. त्याच्या बॅटऱ्या ठरावीक काळानं बदला, आणि वाऱ्यानं किंवा शेजारून ट्रक गेल्यानं सारखा वाजत असेल तर संवेदनशीलता कमी करा, नाहीतर लोक लक्ष देणं सोडतात.

जीपीएस ट्रॅकर चोरी थांबवत नाही, गाडी हलल्याचं कळवतो आणि शोधायला मदत करतो. गाडीच्या वायरिंगला जोडलेला, स्वतःची राखीव बॅटरी असलेला आणि सीटखाली सहज न सापडणारा घ्या. सामान शोधायचे छोटे ब्लूटूथ टॅग स्वस्त पडतात, पण अनोळखी टॅग सोबत असल्याची सूचना ते चोराच्या फोनवरही देऊ शकतात. लोकेशन दिसलं तरी एकट्यानं तिथे जाऊ नका, ते पोलिसांना दाखवा.

## १०. किल्ल्या आणि निगा

जादा किल्ली गाडीच्या पेटीत किंवा सीटखाली ठेवू नका. कुलपाची आणि गाडीची किल्ली एकाच जुडग्यात असेल तर ते जुडगं हरवल्यावर सगळंच हरवतं. गाडीचा चॅसी नंबर, इंजिन नंबर आणि किल्लीचा क्रमांक घरी लिहून ठेवा.

कुलपात जाड ग्रीस भरू नका, त्यावर धूळ चिकटून लगदा होतो. कोरडं पीटीएफई (टेफ्लॉन) किंवा ग्राफाइटचं वंगण, किंवा उत्पादकानं सांगितलेलं पातळ तेल, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर वापरा. किल्ली जड फिरू लागली की लगेच साफ करा. जोर लावाल तर ती आतच मोडते. साखळीचं आवरण भिजलं तर मागे सरकवून कड्या वाळू द्या, नाहीतर आतून गंज चढतो.

आवरण मागे घेतलंच आहे तर प्रत्येक कडी बोटांनी चाचपा. कडीवर चमकती ताजी खाच, कुलपाच्या भोकाभोवती ओरखडे किंवा अँकरच्या बोल्टवर घाव दिसले, तर कुणीतरी प्रयत्न करून गेलं आहे आणि ते परत येण्याची शक्यता आहे. फोटो काढा, पोलिसांत नोंद करा, गाडी त्याच दिवशी दुसऱ्या जागी हलवा, आणि खाच पडलेली साखळी पुन्हा वापरू नका. राहिलेला काप पुढच्या वेळी निम्म्या वेळात पुरा होतो.